तेवीस माणसं आणि एक बंदूक

एन्सुआनो,
७ सप्टेंबर १९०८

अराबाताई,

माझं अक्षर दिसलं तर पत्र थेट चुलीत जाईल हे मला ठाऊक आहे, म्हणून पाकिटावरचा पत्ता पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. पत्र माझ्याबद्दल नाही, ओतूबद्दल आहे.

ओतू रविवारपासून किल्ल्याच्या कोठडीत आहे. खुनाचा आळ आहे.

गावातल्या त्याच्या पलटणीने, तिसरीने, नवा झेंडा शिवून घेतला होता. गुरुवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, दादा, झेंड्यासकट आमचा सगळ्यांचा फोटो काढशील का. तू आक्झिमला गेल्यापासून या घरातून माझ्याशी बोलणारा तेवढा एकच उरला होता, हे तुला सांगायला नको. आमच्या पहिल्या पलटणीचे कप्तान अंकोमा यांनी मला आधीच बजावलं होतं की तिसरीच्या लोकांना अंगणात घेऊ नकोस. तरी मी हो म्हणालो. आपण तिघं एका आईची, पण पलटण ज्याच्या त्याच्या बापाची. यात माझा काय दोष?

शनिवारी सकाळी ते आले. तेवीस जण. आमच्या होड्या समुद्रात असेपर्यंत फोटो उरकून किनाऱ्याने परत जायचं असा त्यांचा बेत होता. निघायला उशीर झाला. बाजाराच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा होड्या वर ओढून झाल्या होत्या आणि आमचे लोक जाळी खांद्यावर घेऊन समोरून येत होते. झेंड्यावर आठ पायांचा कोळी मगरीला शेपटी धरून फरफटत नेतोय. मगर ही आमच्या पहिलीची खूण, हे तू विसरली नसशील. आधी दगड आले, मग काठ्या, मग गर्दीतून कुठून तरी तीन बार झाले. माझ्या काकांचा एसिल्फी मीठवाल्यांच्या ओट्याशी पडला. घरी नेईपर्यंत गेला होता.

बंदूक कुणाकडे होती हे सांगायला एक माणूस तयार नाही. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या कपड्याखाली लपवल्या होत्या. रविवारी प्रार्थनेनंतर पोलीस माझ्याकडे आले आणि शनिवार सकाळचा फोटो घेऊन गेले. त्यात तेवीस माणसं आहेत आणि एकाच्याच हातात बंदूक दिसते. ओतूच्या.

तुझ्या यजमानांच्या ओळखीचे सेकोंडीचे वकील होते ना, त्यांना विचारून बघ. तू माझ्याशी बोलू नकोस, पण एवढं कर.

एजीर


१६ सप्टेंबर १९०८

ताई,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नव्हतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

कमिशनर साहेबांनी मला बोलावलं होतं. त्या इमारतीत वीस वर्षांत मी शंभरदा तरी गेलो असेन. गव्हर्नर आले तेव्हा गेलो, पूल झाला तेव्हा गेलो, आणि प्रत्येक वेळी दाराबाहेर उभा राहिलो. या वेळी साहेबांनी मला खुर्ची दिली. टेबलावर माझा फोटो होता. दुभाष्या हेफ्रन बाजूला उभा होता, कडक कॉलर घालून. साहेब म्हणाले, पन्नास माणसांनी माझ्यासमोर बायबलवर हात ठेवून पन्नास गोष्टी सांगितल्या. हा कागद एकच सांगतो, आणि तो बदलत नाही. मग त्यांनी विचारलं की हा तू काढलास का. मी हो म्हणालो. त्याच सकाळी का. हो. मग म्हणाले,

"हा फोटो खरा आहे?"

मी म्हणालो, "हो साहेब."

इतकंच झालं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि मी आणखी काही सांगितलं नाही.

उठताना त्यांनी सांगितलं की सरकारला नव्या रस्त्याचे आणि रेल्वेचे फोटो हवेत, समुद्रापासून थेट जंगलापर्यंत. आजवर अशा कामाला बोटीने गोरा माणूस यायचा. साहेब म्हणाले, आता बाहेरचा कशाला, आपल्याकडे तू आहेस. ताई, त्या फ्रीटाउनच्या म्हाताऱ्या फोटोवाल्याची पेटी डोक्यावर वाहून मी हे काम शिकलो, तेव्हा आईसकट सगळं गाव मला हसत होतं. या किनाऱ्यावर आपल्यातल्या कुणी फोटोच्या उजेडासाठी स्वतःचं काचेचं छत घातलं नव्हतं, ते मी घातलं. आणि आज एक गोरा माणूस म्हणतो की काळ्या माणसाच्या शब्दापेक्षा माझी फोटो उमटलेली काच जास्त खरी. मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

एसिल्फीला कापडावर निजवलं होतं, तेव्हा त्याचाही फोटो मीच काढला. दुसरं कोण काढणार? त्याची बायको मान्सा पायाशी बसली होती. तिने एकदाच मान वर केली. कप्तान अंकोमांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बापाच्या रक्ताला जागलास म्हणाले. मी मान हलवली.

तू मागे म्हणाली होतीस ते मला त्या अंगणात आठवलं. आई गेली तेव्हा तू कॅमेऱ्याच्या काचेतून बघत होतास, रडला नाहीस, असं म्हणाली होतीस. उजेड जात होता ताई. दोन मिनिटांत गेला असता. मी तेव्हा हेच म्हणालो होतो आणि आजही मला दुसरं काही सुचत नाही.

वकिलांचं काय झालं?

एजीर


२५ सप्टेंबर १९०८

ताई,

सुकी मासळी विकणारी एफ्रिबा काल आक्झिमहून आली. टोपली खाली ठेवायच्या आधी तिने तुझा निरोप सांगितला. वकील येत नाहीत, ते एक. आणि मग म्हणाली, तुझ्या बहिणीने एवढंच विचारलंय की ओतूला बंदूक दिली कोणी.

तुझं एवढं एकच वाक्य, पण जेवण गेलं नाही. मक्याच्या केंकीचं पान उलगडून तसाच बसलो.

मी दिली.

बंदूक माझीच. स्टुडिओत भिंतीवर असते ती, डच लोकांच्या वेळची, दस्त्याला पितळेची पट्टी आणि तीन खिळे. तिला घोडाच नाही. माझ्या वडिलांच्या हयातीतच तो तुटून पडला होता. गोळीचं सोड, तिच्याने चिमणीही उडणार नाही. मी ती लोकांच्या हातात देतो, जशी घड्याळाची साखळी देतो, जाड पुस्तक देतो, काठी देतो. फोटोत माणसाचे हात फार वाईट दिसतात, ताई. काय करावं ते त्यांना कळत नाही. ओतू पुढच्या रांगेत झेंडा आणि ढोल यांच्या मध्ये उभा होता, सुताराचे ते दांडगे हात दोन्ही बाजूंना सोडून. मधेच भगदाड पडल्यासारखं दिसत होतं. मी आत गेलो, बंदूक आणली आणि त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, राहू दे रे दादा, मला नाही शोभत. मी म्हणालो, तू गप उभा राहा, काय शोभतं ते मला कळतं.

आणि उशीर कोणामुळे झाला हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. एक काच निघाली होती. ती चांगली होती. पण ढगाचा तुकडा आला होता, मला कडक उजेड हवा होता, म्हणून मी त्यांना तासभर थांबवलं. झेंडाही मी आधीच बघितला होता. काळं कापड डोक्यावर घेऊन बघितलं तेव्हा तो काचेवर उलटा दिसला, मगर वर आणि कोळी खाली. तेव्हा माझ्या मनात फक्त एवढंच आलं की फोटोत लाल रंग काळाच उठणार.

फोटो झाल्यावर बंदूक मी परत घेतली आणि खिळ्याला अडकवली. ओतू माझ्या अंगणातून रिकाम्या हाताने गेला. हे मला पक्कं माहीत आहे, आणि जगात दुसरं कोणी ते शपथेवर सांगू शकत नाही, कारण बाकीच्या बावीस जणांचं कोण ऐकतो?

आता पुढचं. एसिल्फी गेल्याचं कळलं तशी मी ती बंदूक गोणपाटात गुंडाळली आणि भर दुपारी खाडीत टाकून आलो. आमच्या पलटणीत कुणी तो फोटो बघितला आणि भिंतीवरची बंदूक ओळखली, तर म्हणतील की तिसरीला हत्यार यानेच पुरवलं. ओतूचा विचार तेव्हा मनात आला नाही. आला नाही म्हणजे नाही.

आज कोठडीत जाऊन त्याला भेटलो. वाळला आहे. मी विचारलं, तू साहेबांना खरं का नाही सांगितलंस. तो म्हणाला,

"सांगितलं ना. पहिल्याच दिवशी सांगितलं. साहेब म्हणाले, फोटोवाल्याला विचारतो. मग विचारून आले आणि म्हणाले, तो तर फोटो खरा आहे म्हणतो."

मग भिंतीकडे तोंड करून बसला. 

सोमवारी, पाच तारखेला चौकशी आहे. साहेबांचं मत पडलं की त्याला केप कोस्टच्या मोठ्या कोर्टात पाठवतील. तिथे खुनाच्या खटल्यात गेलेला आपल्या गावचा एकही माणूस परत आलेला मला आठवत नाही.

मी जाऊन सांगणार आहे. पण हातात काय घेऊन सांगू? बंदूक खाडीच्या चिखलात आहे. काल आणि आज ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उतरून शोधली. दुसऱ्याच कुणाचं तरी फुटकं मडकं सापडलं.

एजीर


८ ऑक्टोबर १९०८

ताई,

तू ऐकलं असशीलच, पण माझ्याकडून ऐक.

रविवारी सगळा दिवस मी अंधाऱ्या खोलीत काचा चाळत होतो. वीस वर्षांच्या काचा आहेत. बंदूक गेली, पण ती माझ्या फोटोंत होती. हात कसे ठेवले यावर सगळं अवलंबून. ओतूचा पंजा मोठा, त्याने नेमकी घोड्याची जागा झाकली आहे. पण दुसऱ्या कुणाच्या काचेत ती जागा उघडी दिसेल, आणि दस्त्यावरची पट्टी आणि तीन खिळेही दिसतील. अकरा काचा निघाल्या. मी त्या कापसात बांधल्या.

सोमवारी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला पहिली, दुसऱ्या बाजूला तिसरी, मध्ये पोलीस. ओतूला आणलं. साहेबांनी मला फोटो दाखवला आणि तोच प्रश्न परत विचारला. मी म्हणालो, साहेब, काच खरी आहे, पण काचेच्या समोर जे होतं ते मी मांडलेलं होतं. ती बंदूक माझी आहे. मी त्याच्या हातात दिली आणि मीच काढून घेतली.

हेफ्रनने भाषांतर केलं. साहेबांनी फोटो उचलून पुन्हा बघितला. मग म्हणाले की तू मला हा फोटो खरा आहे असं याच खोलीत सांगितलंस. मी म्हणालो, सांगितलं, आणि ते लपवणं होतं. ते म्हणाले, बंदूक कुठे आहे. मी तेही सांगितलं. पाठीमागे हशा पिकला. साहेब म्हणाले, म्हणजे तू एकदा खोटं बोललास, वस्तू नाहीशी केलीस, आणि आता आरोपी तुझा भाऊ आहे म्हणून तुझ्यावर विश्वास ठेवायचा.

मी म्हणालो, माझ्यावर ठेवू नका, काचेवर ठेवा. आणि गाठोडं सोडलं.

ताई, एक एक काच खिडकीशी धरायची, साहेबांनी भिंग लावून बघायचं, आणि हेफ्रनने नाव वाचायचं. पहिल्या काचेत कस्टमचा कारकून, शिकारी म्हणून. दुसरीत मिशनच्या मास्तरांचे भाऊ. तिसरीत ते टिंबरवाले, ज्यांनी गावभर सांगितलंय की त्यांनी बिबट्या मारला. खिळे तेच, पट्टी तीच, आणि घोडा कुणाच्याच बंदुकीला नाही. लोक हसायला लागले, नावं ओळखून आधीच ओरडायला लागले. चौथ्या काचेला हेफ्रन थांबला. ती त्याचीच होती. त्याच्या लग्नाआधीची, सासऱ्यांना पाठवायला काढलेली. त्याने कॉलरमध्ये बोट घातलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग स्वतःचं नाव स्पष्ट वाचलं. त्याच्याबद्दल मला आयुष्यभर आदर राहील.

नवव्या काचेत कप्तान अंकोमा होते. तेव्हा आमच्या बाजूचं हसणं बंद झालं.

अकरावी काच मी शेवटी ठेवली होती. काढू की नको असं रात्रभर चाललं होतं. तिच्यात एसिल्फी होता, पंचवीस वर्षांचा, बंदूक खांद्याला लावून, एक डोळा मिटून. घोड्याची जागा इतकी उघडी की आरपार दिसावं. ती काच साहेबांनी दोनदा बघितली.  मान्सा पुढेच बसली होती. ती उठली नाही आणि रडलीही नाही.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी ओतूवरचा खुनाचा आळ काढला. परवानगीशिवाय झेंडा बाहेर काढला म्हणून त्याला महिन्याभरात गाव सोडून एक वर्ष बाहेर राहायचा हुकूम आहे. झेंडा जाळला. गोळी कोणी घातली ते कोणी सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. अकरा काचा कोर्टाने ठेवून घेतल्या. माझ्याशी साहेब एकच वाक्य बोलले.

"मला वाटलं होतं, निदान तुझं यंत्र तरी खोटं बोलत नाही."

रस्त्याचं काम अर्थातच गेलं. बोटीने कुणीतरी येतोय.

तू दाराशी उभी होतीस. डोक्यावरून निळं कापड घेतलं होतंस, पण उभं राहायची तऱ्हा आईची आहे, ती कशी लपेल. मी बाहेर येईपर्यंत तू गेली होतीस. ओतूला भेटून गेलीस हे त्याने सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाटलं, पण ठीक आहे.

एजीर


२ नोव्हेंबर १९०८

ताई,

आधीच लिहायला हवं होतं. लिहायला बसावं असं घर उरलं नव्हतं.

चौकशीनंतर पाचव्या दिवशी, भर सकाळी, आमच्याच पलटणीचे लोक आले. मी ओळखतो सगळ्यांना. त्यांच्या बारशांना जेवलो आहे. छताच्या काचा फोडल्या, मग आत जाऊन साठवलेल्या काचा अंगणात आणून फोडल्या. वीस वर्षं, ताई. आईचीही त्यातच होती. कप्तान अंकोमा फाटकाशी उभे होते. म्हणाले, तू गावात आमचं हसं केलंस. मी म्हणालो, तुमच्या पोराला खोटा फास बसला असता तर तुम्ही काय केलं असतं. ते म्हणाले, तो तिसरीचा आहे. मी म्हणालो, तो माझ्या आईचा आहे. हे बोलायला मला एक महिना लागला हे त्यांना माहीत नव्हतं, ओतूला माहीत आहे.

गिऱ्हाईक येत नाही. ज्यांच्या हातात मी कधी काही दिलं होतं ते सगळे रस्ता बदलतात, आणि गावात असं कोण आहे ज्याच्या हातात मी काही दिलं नाही?

गेल्या बुधवारी मान्सा आली. शोकाचं काळं नेसून, एकटीच. मी उभा राहिलो. ती म्हणाली, मला इथे येऊ नकोस म्हणून तीन जण सांगून गेले, आणि मी काही गोडी करायला आलेली नाही. मग विचारलं, त्याची ती काच फुटली का. मी सांगितलं की नाही, ती कोर्टात होती म्हणून वाचली, शनिवारीच मला परत मिळाली. तिला उन्हात कागदावर छापून दिली. तिने बराच वेळ बघितली. मी म्हणालो, हवी असेल तर बंदूक खरवडून काढता येईल, कळणारही नाही.

"नको," ती म्हणाली. "फोटो काढला त्या दिवशी घरी येऊन त्याने जेवताना आम्हा सगळ्यांना बंदूक धरून दाखवली होती, अशी धरली म्हणून. चमच्याने. राहू दे."

फोटो पदरात गुंडाळून ती गेली. फाटकाशी थांबून म्हणाली की तुझा भाऊ रिकाम्या हाताने गेला हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी महिनाभर त्याला शिव्याशाप दिले.  माझ्या उत्तराची तिने वाट बघितली नाही.

ओतूला गुरुवारच्या बोटीने निघायचं आहे, तुझ्याकडे. सुटल्यावर तो तिसरीच्या आळीत राहिला, इकडे फिरकला नाही. शुक्रवारी सकाळी खाड् खाड् ऐकू आलं म्हणून बाहेर आलो, तर छतावर. मोडक्या चौकटी उपटून नव्या बसवत होता. लाकूड कुठून आणलं ते विचारलं नाही. तीन दिवस काम चाललं. मी खालून खिळे द्यायचो, तो घ्यायचा.  जेवायला हाक मारली तर डबा घेऊन वरच बसायचा. आज दुपारी उतरला, हत्यारं पुसली, पिशवीत भरली. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला.

"ताईला पत्र लिहिशील तेव्हा लिही, मी तुला माफ केलेलं नाही. काचा कुठून आणायच्या ते तू बघ. माझं लाकडाचं काम होतं, ते झालं."

तर तसं लिहिलं आहे.

काचा अॅक्राहून मागवल्या आहेत, येतील तेव्हा येतील. तोवर अंगणातल्या उजेडात जो येईल त्याचा फोटो काढीन.

ओतू गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचेल. कोठडीतलं, कोर्टातलं, माझं, काही एक लगेच विचारू नकोस. आधी त्याला जेवू घाल.

तुझा,
एजीर